आमचा पत्ता विचारता, तुमचा पत्ता कुठे आहे?

बायोडाट्यावर कुठला फोन नंबर द्यावा, घरचा पत्ता पूर्ण लिहावा का, हा प्रश्न चळवळीतल्या अनेकांना किरकोळ वाटेल. आपण आरक्षणावर बोलतो, खाजगीकरणावर बोलतो, संविधानावर तर रोजच बोलतो. बायोडाट्याच्या वरच्या चार ओळींवर मात्र कुणी बोलत नाही. पण आज आपल्या वस्त्यांमधली पदवीधर मुलं-मुली ज्या दारातून कामाला लागतात ते दार बहुतेक वेळा कंत्राटदाराचं असतं. डेटा एंट्री, सुरक्षा रक्षक, लॅब टेक्निशियन, वॉर्डबॉय, कॉल सेंटर, वीज कंपनीतला बाह्यस्रोत कर्मचारी, काहीही घ्या. या दाराशी तुमच्याआधी तुमचा बायोडाटा पोहोचतो आणि पुष्कळदा तो तिथूनच परत फिरतो. का फिरला, हे कुणी सांगत नाही.

म्हणून आमचं म्हणणं आधीच स्पष्ट मांडतो. एक, बायोडाट्यावर फक्त संपर्कापुरती माहिती द्या. दोन, नेमणूक होताना मात्र सगळी माहिती पूर्ण, खरी आणि लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. तीन, जो तुमचा पत्ता मागतो त्याचा पत्ता तुम्हीही मागा. आता एकेक मुद्दा कारणासह पाहू.

पत्ता जात सांगतो

महाराष्ट्रात पत्ता ही साधी गोष्ट कधीच नव्हती. गावात गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे जात आणि शहरात नगराचं नाव म्हणजे जात. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा अशी नावं जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यावीत, असा तो निर्णय. आम्ही त्याचं स्वागतच करतो. अपमानाचं नाव गेलं आणि अभिमानाचं आलं. पण निवड करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना दोन्ही नावं एकच गोष्ट सांगतात. भीमनगर, मिलिंदनगर, पंचशीलनगर, बौद्धवाडी असं वाचलं की त्याला पुढचं काही विचारावं लागत नाही. पाटी बदलली, पाटी वाचणारी नजर तीच राहिली.

हा आमचा संशय नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांत आलेल्या खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण आणि अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा. एक नाव उच्चजातीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. पुढच्या टप्प्यावर बोलावणं येण्याच्या शक्यतेचं प्रमाण उच्चजातीय नावाच्या तुलनेत दलित नावाला साधारण दोन तृतीयांश निघालं आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. मुलाखत झाली नव्हती, चेहरा दिसला नव्हता, इंग्रजी कसं बोलतात ते ऐकलं नव्हतं. फक्त कागद गेला होता. एका नावाने एवढा फरक पडत असेल, तर नावाखाली नगराचं नाव, त्याखाली गावाचं आणि वाडीचं नाव लिहून आपण त्या नजरेला आणखी पुरावे का पुरवावेत?

आणि हे दार आजचं नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये जॉबर ठरवायचा कोणाला कामावर घ्यायचं. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. आज जॉबर नाही, एजन्सी आहे. धोटा नाही, बायोडाटा आहे. दारावर बसलेल्या माणसाला आपल्याबद्दल काय कळतं, यावर आपला पगार ठरतो, ही गोष्ट मात्र बदललेली नाही.

लग्नाचा बायोडाटा आणि कामाचा बायोडाटा

झेरॉक्सच्या दुकानात वीस-तीस रुपयांत जो बायोडाटा करून मिळतो तो एकदा नीट पाहा. वडिलांचे नाव, कायमचा पत्ता, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती आणि शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’ असं प्रतिज्ञापत्र. हा ढाचा अर्धा सरकारी अर्जातून आला आहे आणि अर्धा लग्नाच्या बायोडाट्यातून. आपल्याकडे दोन्ही कागदांना बायोडाटाच म्हणतात, हा काही योगायोग नाही. वधूवर पाहणारे जात विचारतात, तशीच ती नोकरी देणाऱ्यालाही सांगायची असते, असं आपण गृहीत धरून चाललो आहोत.

सरकारी अर्जात जात लिहायची असते, कारण तिथे संविधानाच्या कलम १६(४) ने दिलेला हक्क आहे. तिथे ती ठळक लिहा, प्रमाणपत्र जोडा, जात वैधता वेळेवर काढा. कंत्राटी पदांच्या जाहिरातीतही प्रवर्गनिहाय जागा दिलेल्या असतील तर तिथेही लिहा. ४५ दिवस किंवा त्याहून जास्त काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांनाही आरक्षण लागू आहे, हे केंद्र सरकारने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं आहे. पण खाजगी एजन्सीच्या भरतीत आरक्षण नाही. तिथे जात सांगून कुठलाच हक्क मिळत नाही, झालाच तर तोटा होतो. जात सांगितल्याने हक्क मिळत असेल तिथे ती सांगायची आणि जिथे फक्त चाळणी लागणार असेल तिथे त्या रकान्याचं आपल्या कागदावर कामच नाही, इतका हा साधा हिशोब आहे.

ही लाचारी आहे का?

आमच्या बैठकांमध्ये हा प्रश्न नेहमी येतो आणि तो यायलाच हवा. तरुण कार्यकर्ते विचारतात, आम्ही बौद्ध आहोत, छाती ठोकून सांगतो, मग बायोडाट्यावर भीमनगर लिहायला का लाजायचं? धर्मांतर काय लपण्यासाठी केलं होतं?

लपण्यासाठी नक्कीच नाही. म्हणूनच नाव बदला, आडनाव बदला, दुसऱ्याच्या घरचा पत्ता द्या, असं आम्ही कधीच सांगणार नाही. खोटी ओळख किती दिवस टिकते हे बाबासाहेबांच्याच आयुष्यात दिसतं. परदेशात शिकून आल्यावर १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून राहावं लागलं. काही दिवसांतच लाठ्या घेतलेले लोक दारात आले आणि जागा सोडावी लागली. उसनं नाव संरक्षण देत नाही, उलट पकडले जाण्याची भीती रोज सोबत ठेवतं. आजच्या काळात तर नाव आणि पत्ता आधारशी, बँक खात्याशी आणि भविष्य निर्वाह निधीशी जोडलेला असतो. खोटं लिहिलं तर नुकसान आपलंच.

पण खोटं सांगणं वेगळं आणि न विचारलेलं न सांगणं वेगळं. बँक मॅनेजर आपल्या बायोडाट्यात कुलदैवत लिहितो का? मग आपणच आपली सगळी कुंडली दारावरच्या माणसाच्या हातात का द्यावी? सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. हा हक्क फक्त श्रीमंतांच्या बंगल्यासाठी नाही. पत्र्याच्या घरात राहणाऱ्याची माहितीही त्याच्याच मालकीची आहे. अभिमान व्यक्त करायला १४ एप्रिल आहे, मोर्चा आहे, लेखणी आहे, भाषण आहे. तिथे आपण स्वतःहून बोलतो. बायोडाटा मात्र आपल्यामागे कुणाकुणाच्या हातात फिरतो, हे आपल्याला कळतही नाही.

वरच्या चार ओळी कशा असाव्यात

नाव, एक फोन नंबर, एक ईमेल, शहर आणि पिनकोड. एवढंच पुरे. पत्त्याचा खरा उपयोग कामावर यायला किती वेळ लागेल हे कळण्यापुरता असतो, तो शहर आणि पिनकोडने भागतो. घर क्रमांक, नगर, मु. पो. काही नको. आधार आणि पॅनचा क्रमांक बायोडाट्यावर अजिबात नको. खाजगी कंपन्यांना आधार वापरण्याची मुभा देणारा कलम ५७ मधला भाग सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात रद्द केला आहे. पुढे निधीच्या खात्यासाठी आधार लागेल, पण तो नेमणुकीनंतर. ‘आधी कागदपत्रं व्हॉट्सअॅप करा, मग बघू’ म्हणणाऱ्याला आधार, पॅन आणि फोटो पाठवणं म्हणजे आपल्या नावावर कर्ज काढायचं सामान पोहोचवणं. ओळखपत्र दाखवणं अटळच असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारा मास्क्ड आधार काढून द्या. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, पहिल्या काही तासांना महत्त्व असतं.

फोन नंबरचं म्हणाल तर बँकेला आणि यूपीआयला जोडलेला नंबर शेकडो बायोडाट्यांवर फिरवणं धोक्याचं. जमत असेल तर कामासाठी वेगळं सिम ठेवा. दुसरं सिम जिवंत ठेवायला रिचार्जचे पैसे लागतात आणि ते प्रत्येकाकडे नसतात, हे आम्ही रोज पाहतो. एकच नंबर असेल तर निदान व्हॉट्सअॅपचा फोटो आणि स्टेटस फक्त ओळखीच्या लोकांना दिसेल असं करा. डीपीवरचा बाबासाहेबांचा फोटो काढायची गरज नाही, तो अनोळखी सुपरवायझरला दिसायचीही गरज नाही. आणि नंबर बदलू नका. ऑफर संपली की नवं सिम, हा प्रकार थांबवा. कंपनी बदलायची असेल तर नंबर पोर्ट करा. कंत्राटी कामाचे फोन सहा-सहा महिन्यांनी येतात, तेव्हा नंबर बंद असेल तर संधी गेली.

मुलींच्या बायोडाट्यावर भावाचा नाहीतर वडिलांचा नंबर असतो. कारण सांगितलं जातं सुरक्षिततेचं. रात्री-अपरात्री येणारे फोन खरे आहेत, ते आम्ही नाकारत नाही. पण भावाच्या फोनवर कामाचा निरोप आला की तो निरोप भावाच्या मर्जीवर पोहोचतो. लांबची पाळी आहे, पगार कमी आहे, नको जाऊ, हे तोच परस्पर ठरवून टाकतो. एजन्सीच्या दारावर एक माणूस बसलेला असतोच, घरात दुसरा कशाला बसवायचा? मुलीचा स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा नंबर असावा. त्रास देणारा नंबर ब्लॉक करता येतो, हातातून गेलेली नोकरी परत आणता येत नाही.

ईमेल फुकट आहे, म्हणून तो खास कामासाठी वेगळा काढा. नावाशी जुळणारा, फोनवर सांगितला तर एका दमात लिहून घेता येईल असा. टोपणनावं, ‘किंग’, ‘रॉयल’, ‘वाघ’ नको. आपल्या चळवळीच्या घोषणाही त्यात नकोत. ईमेल स्वतः काढा. झेरॉक्सवाल्याने काढून दिला की त्यात पासवर्ड परत मिळवायचा नंबर त्याचाच राहतो आणि दुकान बंद झालं की तुमचा ईमेलही बंद.

‘संदर्भ’ म्हणून जुन्या साहेबांची नावं-नंबर लिहायची पद्धतही सोडा. काही एजन्सीवाले त्या नंबरवर स्वतःच्या धंद्यासाठी फोन करतात आणि तुम्ही दुसरीकडे काम शोधताय ही बातमी सध्याच्या ठिकाणी पोहोचते. ‘संदर्भ मागितल्यास दिले जातील’ एवढी ओळ पुरे. पुण्या-मुंबईत एकाच कंपनीच्या एकाच जागेसाठी तीन-चार एजन्सी माणसं शोधत असतात. दोघांनी तुमचाच बायोडाटा पाठवला तर त्यांच्या भांडणात तुमचं नाव बाद होऊ शकतं. म्हणून प्रत्येक एजन्सीला लेखी कळवा: माझा बायोडाटा फक्त या कामासाठी आहे, दुसरीकडे पाठवण्याआधी मला विचारा. ज्याची माहिती त्याची संमती, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पाया आहे. ते विचारायला लाजायचं कारण नाही.

नेमणुकीच्या दिवशी उलट नियम

निवड झाली की आतापर्यंतचा नियम उलटा करायचा. आता पूर्ण पत्ता द्या, खरा द्या, आधारवर आहे तसाच द्या. कारण आता तो पत्ता तुमच्या बाजूने काम करतो. कामावरून कमी केल्याची नोटीस, चौकशीचं पत्र, थकबाकी, अपघात झाल्यास घरच्यांना निरोप, हे सगळं कागदावरच्या पत्त्यावर जातं. पत्ता अर्धवट असेल तर ‘आम्ही पत्र पाठवलं होतं’ असं म्हणायला मालक मोकळा.

भविष्य निर्वाह निधीच्या यूएएनला तुमचाच मोबाइल नंबर जोडलेला आहे का, ते पहिल्याच महिन्यात तपासा. कारकून घाईत स्वतःचा किंवा कुणाचाही नंबर टाकतो आणि पैसे काढायची वेळ आली की ओटीपी भलत्याच फोनवर जातो. कंत्राट एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे गेलं तरी यूएएन एकच राहायला हवा. नव्याने नवीन क्रमांक काढू देऊ नका. पगारातून कापलेले पैसे कुठल्यातरी विसरलेल्या खात्यात पडून राहणं ही चोरी नसेल कदाचित, पण घामाच्या पैशाला मुकणं तेच.

आता तुमचा पत्ता सांगा

कंत्राटदाराची जाहिरात पाहा. खांबावर चिकटवलेला कागद, ‘त्वरित पाहिजेत’, पगाराचा आकडा आणि खाली एक मोबाइल नंबर. नाव नाही, कार्यालय नाही, परवाना नाही. आपल्याकडून चार पिढ्यांची माहिती मागणारा स्वतः मात्र बेपत्ता!

कायद्याला हे मान्य नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराला परवाना आणि मुख्य मालकाला नोंदणी बंधनकारक केली. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावला गेला. पण मजुरीबाबतची मुख्य मालकाची ती जबाबदारी तिथेही कायम आहे, शिवाय नेमणूकपत्र देणंही त्या संहितेने बंधनकारक केलं आहे. या जबाबदारीचा उपयोग मात्र मुख्य मालक कोण हे माहीत असेल तरच होतो. म्हणून निवड झाल्यावर पाच गोष्टी विचारा: ठेकेदाराचं पूर्ण नाव, कार्यालयाचा पत्ता, परवाना क्रमांक, मुख्य मालकाचं नाव आणि निधीचा आस्थापना क्रमांक. तोंडी नको, मेसेजवर विचारा म्हणजे नोंद राहते.

‘एवढं विचारलं तर कामच देणार नाही’ ही भीती खोटी नाही. ज्याच्या घरात चूल त्या पगारावर पेटणार आहे त्याला एकट्याने प्रश्न विचारायला लावणं हा अन्याय आहे. म्हणून हे काम वस्तीचं आहे. विहारात किंवा अभ्यासिकेत एक वही ठेवा. कुठला ठेकेदार, कुठलं काम, पगार किती ठरला, किती मिळाला, निधी भरला की नाही, सगळं त्यात लिहा. एकाने विचारलं तर तो उद्धट ठरतो, वस्तीतल्या प्रत्येकाने विचारलं तर ती पद्धत होते. याच वहीत कुठे अर्ज केला, बायोडाट्यावर काय लिहिलं होतं, फोन आला की नाही, हेही नोंदवा. भेदभाव करणारा कारण कधीच लिहून देत नाही, तो फक्त तुलनेतून दिसतो. थोरात-अॅटवेल यांनी ते नोंदी ठेवूनच दाखवलं.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. चार ओळी दुरुस्त केल्याने जात संपणार नाही. आडनाव राहतंच आणि मुलाखतीत ‘मूळ गाव कुठलं?’ हा गोड प्रश्न येतोच. म्हणून वैयक्तिक सावधगिरीबरोबर सार्वजनिक मागणीही हवी. महाराष्ट्र सरकारने बाह्य एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये लोकांच्या विरोधामुळे मागे घेतला, पण निविदेतून होणारी कंत्राटी भरती थांबलेली नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक एजन्सीला दोन अटी घाला, अशी आमची मागणी आहे. पहिल्या छाननीत उमेदवाराचं नाव आणि पत्ता झाकलेला असावा. आणि भरती झाल्यावर कुठल्या प्रवर्गातले किती लोक घेतले, याचा आकडा एजन्सीने जाहीर करावा. आज नेमकं उलटं आहे. उमेदवाराची जात उघडी आणि एजन्सीचा हिशोब झाकलेला.

ती मागणी मान्य होईपर्यंत थांबायचं कारण नाही. येत्या रविवारी विहारात बसा, आपापले बायोडाटे काढा, जात-धर्माचे रकाने आणि घरचा पत्ता खोडा, मुलींचे नंबर त्यांच्या स्वतःच्या नावावर करा आणि वहीचं पहिलं पान लिहा.

जय भीम!